धबडग्यात कानावर पडलेलं गाणं : अनुभव धागा

गंगावेस_कट्टा : काल संध्याकाळी कोल्हापुरात गंगावेशीत धार, म्हणजे म्हशीचं ताजं दूध, प्यायला थांबलो होतो. शेजारच्या रिक्षात गायक मल्लिकार्जुन मन्सूरांचा 'संपूर्ण मालकंस' राग लागलेला. ग्लास हातातच राहिला. बाबांचं उद्यमनगरात लेथचं काम. दुपारी डब्याच्या वेळी मशीन बंद करून ते टेप लावायचे. एरवीच्या मालकंसात रिषभ-पंचम (रे आणि प) नसतात, ह्यात दोन्ही आहेत, हे त्यांनीच मला दाखवलं. नखांत काळं ऑइल, तोच हात मांडीवर ताल धरायचा. पंचम आला की घास तोंडात तसाच! त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. रिक्षावाले मामा म्हणाले, "बसा की, संपंपर्यंत भाडं घेत न्हाई." बसलो. तुम्ही काय ऐकता, कुठं ऐकता? लिहा.

चुलीपाशी : किशोरीताई आमोणकरांचा भूप राग, भाकऱ्या थापताना. सासूबाईंना राग वगैरे कळत नाही, पण भूप लागला की लसणाची परडी घेऊन ओट्याजवळ येऊन बसतात. बोलत काहीच नाहीत. घाईत लिहितेय, तवा तापलाय.

पेठेतला : कुठले रिक्षावाले ओ? बिंदू चौकातले असतील तर ओळखतो. देवल क्लबात गाण्याला मागच्या रांगेत असतात, दिवसभराचा धंदा सोडून.

खर्ज : गळ्याच्या ऑपरेशननंतर माझा आवाज बसला, शाळेत शिकवणं थांबलं. फार रडले. तेव्हा माझ्या गाण्याच्या बाईंनी सांगितलं, अल्लादियाखाँसाहेबांचाही आवाज गेला होता. त्यांनी उरलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी नव्यानं बांधली, आणि शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापुरात राहून तीच गायकी शिष्यांना दिली. आता पहाटे तानपुरा घेऊन नुसता षड्ज (सा) लावते. दहा मिनिटं. कधी लागतो, कधी नाही.

चुलीपाशी : @खर्ज ताई, आवाजाचे व्यायाम कोण करून घेतं? माझ्या बहिणीचं असंच झालंय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा ना.

रात्रपाळी : केसरबाई केरकरांची भैरवी. 1977 साली व्हॉयेजर अवकाशयानांवरच्या तबकडीत गेली, हे लेकीला गच्चीवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, यान अजून चाललंय?" म्हटलं, चाललंय. मग दोघांनी ती भैरवी परत लावली, साडेतीन मिनिटांचीच तर आहे. खालून आई ओरडली, "आवाज वाढवा की जरा!"

पेठेतला : वाचून अंगावर काटा आला भावा.

खर्ज : @चुलीपाशी, केला व्यनि. आणखी एक, माझ्या तानपुऱ्याची जवारी (तारांचा झणकार) उतरलीय. मिरजेला तानपुरेवाल्यांकडे कुणी जाणार आहे का ह्या आठवड्यात?

गंगावेस_कट्टा : गुरुवारी मी जातोय, मोकळी गाडी आहे. तानपुऱ्याचा भोपळा जुन्या रजईत गुंडाळून ठेवा, साडेआठला येतो. सोबत तुमची सुराची पट्टी कुठली ते चिठ्ठीवर लिहून द्या.

खर्ज : पेटीची काळी चार. चहा घेऊनच जा.