पहिल्या महिन्यांतलं खाणं आणि गरोदरपणातली साखर : तुमचे अनुभव लिहा

बाळ सव्वा महिन्याचं झालंय, आता जरा हात मोकळा आहे. गोळ्या-इन्सुलिनचे डोस ज्याच्या-त्याच्या डॉक्टरांकडे. इथे ताटात काय होतं ते लिहा.

मला पहिले तीन महिने पाण्याचा घोटही टिकायचा नाही. राहायचं ते फक्त खारी, बिस्किटं आणि साबुदाण्याची खीर. सासूबाई म्हणायच्या, ‘काही का असेना, पोटात ठरतंय ना!’ तेव्हा दुसरा इलाजही नव्हता. घोळ नंतर झाला. चौथ्यात उलट्या थांबल्या, पण खारीचा डबा उशाशीच राहिला. वर रोज चिकू आणि उसाचा रस. सव्विसाव्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायले, दहा मिनिटांत उलटी. दुसऱ्या दिवशी परत तेच. दोन तासांनी रक्तातली साखर १६८. आपल्याकडे १४० किंवा त्यापुढे गेलं की गरोदरपणातला मधुमेह धरतात.

*

माझ्या आईला मधुमेह, म्हणून नवव्या आठवड्यातच तपासलं. १४८ आली. आहारतज्ज्ञ बाईंनी भात बंद केला नाही, वाटीवर आणला. आधी काकडी-कोशिंबीर, मग उसळ, भात शेवटी. मी मात्र शहाणपणा केला. भाकरीने साखर वाढत नाही म्हणतात ना, म्हणून ज्वारीच्या तीन हाणल्या. दोन तासांनी १५५! भाकरीही मोजूनच खायची असते, हे यंत्राने शिकवलं.

*

मी ४९ किलोची, गोडाची आवड शून्य, माहेरी कुणालाच साखर नाही. तरी झाली. डॉक्टर म्हणाले, वारेतून (बाळाला पोटात पोसणारी ती वार) येणारी संप्रेरकं इन्सुलिनचं काम अडवतात, काहींचं शरीर त्याला पुरं पडत नाही. जाऊबाई म्हणाल्या, ‘चोरून खात असशील.’

*

माझी गाडी नाश्त्याला अडायची. दुपारी जेवढे पोहे चालायचे तेवढेच सकाळी खाल्ले की आकडा उडायचा. दोन तासांनी १२०च्या आत हवी होती. शेवटी मुगाचं धिरडं आणि उकडलेलं अंडं, यावर सात आठवडे काढले. आजही धिरड्याचा वास आला की दवाखाना आठवतो. डोहाळजेवणाला एक पेढा खाल्ला, लपवणार नाही. उपाशीपोटीची साखर मात्र काही केल्या ९५च्या खाली येईना. दोन आठवडे पथ्य करून झाल्यावर इन्सुलिन लागलं. खूप रडले, हरल्यासारखं वाटलं. रात्रभर यकृत साखर सोडत राहतं, तिथे माझ्या ताटाचा काय दोष, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

*

बाळंतपणानंतरचंही लिहा गं. जन्मल्यावर लेकीच्या टाचेला टोचून साखर पाहिली, ठीक होती. सगळे सुटलो म्हणाले. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर जोरात. सहा आठवड्यांनी पुन्हा ग्लुकोजची तपासणी सांगितली होती. ‘ओल्या बाळंतिणीला उपाशी कुठे नेता?’ म्हणून आईने जाऊ दिलं नाही, मलाही बरंच वाटलं. लेक तीन वर्षांची झाली तेव्हा सहज रक्त तपासलं. आता रोज गोळी आहे.

*

धागा काढणारी मीच. माझी ती तपासणी येत्या सोमवारी आहे. आमच्याकडेही ‘उपाशी कुठे नेता’ सुरू झालंय. तुझा हा शेवटचा मजकूर आईला वाचून दाखवला. ‘रिक्षा किती वाजता सांगू?’ एवढंच म्हणाली.