शिशाचा रंग, रांगतं बाळ आणि १९०८ च्या खिडक्या

खिडकीवेडा: बॉस्टनजवळ १९०८ सालचं घर घेतलंय. वरखाली सरकणाऱ्या मूळ लाकडी खिडक्या, भिंतीत दोरीला टांगलेली लोखंडी वजनं, आणि काच अशी की बाहेरचं झाड पाण्यात बघितल्यासारखं हलतं. मुलगी आठ महिन्यांची. तपासणीत रंगात शिसं निघालं. मॅसॅच्युसेट्सचा कायदा सांगतो, १९७८ पूर्वीच्या घरात सहा वर्षांखालचं मूल असेल तर बंदोबस्त मालकाने करायचा. तीन कॉन्ट्रॅक्टर येऊन गेले, तिघांचं एकच: उपटा, व्हिनाइलच्या (प्लॅस्टिकच्या) बसवा. मला तर वाटतं, या नियमाने मुलांपेक्षा खिडक्या विकणाऱ्यांचंच जास्त भलं होतंय. बोला.

आजोळ: बोलते. खिडकी सरकवली की लाकूड लाकडावर घासतं, रंगाची पूड खिडकीच्या खालच्या कठड्यावर बसते. मूल तिथेच धरून उभं राहतं आणि तोच हात तोंडात. रक्तात शिसं किती चालतं? शून्य. सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेने, २०२१ मध्ये लक्ष ठेवायची पातळी डेसिलिटरमागे ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. माझ्या भाच्याचं ७ आलं होतं. गुटगुटीत पोर, लक्षण एकही नाही. हलणारं झाड बागेत जाऊन बघा.

पेठकर_जुना: आम्ही वाड्यातल्या ऑइलपेंटच्या खपल्या चघळत मोठे झालो. काय झालं?

आजोळ: हा प्रश्न विचारताय, यातच आलं. भारतातसुद्धा नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा आहे.

करवत_रंधा: पूड घासण्याने होते, शंभर टक्के मान्य. मग घासणारी कड रंगमुक्त करा ना! खिडकी फेकायलाच हवी असं कायदा म्हणत नाही, ते कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, कारण त्याला तेवढंच येतं. शिवाय उपटतानाही धूळ उडतेच. म्हणून तर ईपीएच्या (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या) २०१० पासून लागू नियमात खिडकी बदलणं सरळ धरलंय: प्रमाणित माणूस, प्लॅस्टिक अंथरणं, बारीक धूळ अडवणारा हेपा व्हॅक्यूम. मी पेनसिल्व्हेनियात स्वतःच्या ११ खिडक्या केल्या. ओलं करून खरवडायचं, सुकं घासायचं नाही, ज्योत तर अजिबात नाही. जुन्या जंगलातलं दाट रेषांचं लाकूड आहे हो, आज वखारीत मिळत नाही. व्हिनाइलच्या दुहेरी काचेचं सील गेलं की आत धुकं साचतं, ते कोण दुरुस्त करणार? थंडीसाठी बाहेरून स्टॉर्म विंडो, म्हणजे दुसरी जादा खिडकी, लावा.

हिशेबी: ११ खिडक्यांना किती दिवस लागले?

करवत_रंधा: दोन उन्हाळे.

आजोळ: आणि घरात रांगणारं कोण होतं?

करवत_रंधा: मांजर. बरं, हा मुद्दा तुमचा.

खिडकीवेडा: मुलीच्या खोलीतल्या दोन बदलतोय. बाकीच्या खिडक्या शिसं काढणाऱ्या परवानाधारकाकडे देतो, धूळतपासणी पास होईपर्यंत मुक्काम बहिणीकडे. काढलेली तावदानं शेजारी टोमॅटोच्या वाफ्यावर झाकायला मागतोय, देऊ?

करवत_रंधा: नको!

आजोळ: नको! खपल्या मातीत जातील.