शब्दचर्चा : स्पिटफायरची ‘आवृत्ती’, ‘प्रकार’ की ‘वाण’?

प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानावर एका दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय. या विमानाच्या वेगवेगळ्या रूपांना ‘मार्क’ आणि पुढे आकडा अशी नावं होती. मजकूर तपासून परत आला तेव्हा माझ्या ‘मार्क ५’, ‘मार्क ९’ची ‘पाचवी आवृत्ती’, ‘नववी आवृत्ती’ झाली होती. कारण असं दिलं, की मराठी वाचक ‘मार्क ५’ वाचून परीक्षेतले पाच गुण समजेल. आक्षेप अगदीच गैर नाही. तरी ‘आवृत्ती’ कानाला खटकते, आणि का खटकते ते मला धड सांगता येत नाही. ‘प्रकार’ फार ढिला वाटतो. ‘नमुना’ म्हटलं तर तो एकच, दाखवण्यापुरता केलेला, असा भास होतो. काय लिहावं?

प्रतिसाद

‘नमुना’ नकोच. तो शब्द ५ मार्च १९३६ ला साउदॅम्प्टनजवळच्या ईस्टली विमानतळावरून पहिल्यांदा उडालेल्या त्या एकाच विमानासाठी, के ५०५४ साठी, राखून ठेवा. ‘पहिला नमुना’ म्हटलं की काम झालं. आर. जे. मिचेल यांनी रेखाटलेलं हे विमान उडालेलं त्यांनी पाहिलं, पण जून १९३७ मध्ये ते गेले. पुढची सगळी वाढ जोसेफ स्मिथ यांच्या हाताखाली झाली. म्हणजे तुमचा प्रश्न ज्या आकड्यांबद्दल आहे, ते जवळपास सगळे स्मिथ यांच्या काळातले.

आता ‘आवृत्ती’. पुस्तकाची दुसरी आवृत्ती पहिलीनंतरच निघते आणि ती आली की पहिली मागे पडते. स्पिटफायरच्या आकड्यांना या दोन्ही गोष्टी लागू नाहीत. मार्क ३ चे फक्त चाचणीपुरते नमुने झाले, कारखान्यातून तो कधी बाहेर पडला नाही. मार्क ४ म्हणून जे ग्रिफन इंजिनाचं विमान केलं, त्याचा आकडाच पुढे बदलून २० केला, कारण ४ हा आकडा छायाचित्रणाच्या विमानांकडेही होता. आणि खरी मेख ८ आणि ९ मध्ये आहे.

१९४१ च्या शरद ऋतूत जर्मनांचं फोके-वुल्फ १९० फ्रान्सच्या आकाशात दिसू लागलं आणि मार्क ५ त्याच्यापुढे उघडाच पडला. रोल्स-रॉइसचं मर्लिन ६१ हे इंजिन हाताशी येत होतं. त्यात इंजिनात हवा कोंबणारा सुपरचार्जर दोन टप्प्यांचा होता, त्यामुळे उंचावरच्या विरळ हवेतही ताकद टिकायची. या इंजिनासाठी मजबूत सांगाडा आणि आत घेता येणारं शेपटीचं चाक असलेलं विमान आखलं होतं, तेच मार्क ८. पण ते तयार व्हायला वेळ लागणार होता आणि वैमानिक रोज मरत होते. म्हणून मार्क ५ च्याच सांगाड्यात शक्य तेवढे कमी बदल करून नवं इंजिन बसवलं. तो झाला मार्क ९. जुलै १९४२ मध्ये हॉर्नचर्चच्या ६४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला तो मिळाला. आठ मागून आला, नऊ आधी! तात्पुरती सोय म्हणून केलेला हा नऊ युद्ध संपेपर्यंत लढला आणि त्याची पाच हजारांहून अधिक विमानं बनली. ‘नववी आवृत्ती’ म्हटल्यावर यातलं काहीच वाचकापर्यंत पोचत नाही, उलट चुकीचं पोचतं.

क्रमवाचक रूपच टाळा. ‘नववा’ म्हटलं की आठवा होऊन गेला असं मराठीत गृहीत असतं. ‘मार्क नऊ’ म्हणा.

प्रतिसाद

वरचं सगळं मान्य. पण मग जातिवाचक नाम कोणतं? ‘स्पिटफायरचे अनेक ___ होते’ यातली रिकामी जागा कशी भरणार?

मी ‘वाण’ सुचवते. मी शेतकरी घरातली आहे, त्यामुळे हा शब्द पहिला सुचला. ज्वारीचा मालदांडी ३५-१ घ्या, उसाचा ८६०३२ घ्या. आमच्याकडे कुणी ‘उसाची आवृत्ती’ म्हणत नाही. वाणाला आकडा असतो, तो आकडा म्हणजे पायरी नव्हे. एकाच हंगामात शेजारच्या दोन वावरांत दोन वाण उभे असतात, एक हलक्या रानाला मानवतो, दुसरा भारी रानाला. स्पिटफायरचं अगदी हेच. त्याच मार्क ९ मध्ये कमी उंचीवर जोर धरणाऱ्या इंजिनाची विमानं वेगळी आणि खूप उंचावर चालणारी वेगळी. मार्क ११ ला तर बंदुकाच नाहीत, पोटात कॅमेरे. तो मार्क ९ पेक्षा ‘सुधारलेला’ म्हणून ११ नाही, त्याचं रानच वेगळं आहे.

आणि मार्क ९ ला तर आमच्याकडे नेमका शब्द आहे : कलम. खोड पाचाचं, फांदी मर्लिन ६१ ची.

प्रतिसाद

‘कलम’ सुंदर आहे, ते लेखात जरूर यावं. ‘वाण’बद्दल मात्र शंका आहे. शहरी वाचकाला आधी संक्रांतीचं वाण आठवेल. शिवाय ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ यातला वाण म्हणजे रंग. आणखी एक अडचण आहे : आकड्यापुढच्या अक्षरांचं काय करायचं? ‘मार्क ५ बी’ मधलं ‘बी’ पंखाबद्दल सांगतं. ए पंखात आठ मशीनगन. बी पंखात २० मिलिमीटरच्या दोन तोफा आणि चार मशीनगन. सी पंखात यांतली कोणतीही मांडणी किंवा चार तोफाही बसायच्या. मग हा वाणाचा वाण का?

प्रतिसाद

नाही, अक्षराला ‘पंख’च म्हणावं. ‘बी पंखाचा मार्क ५’. वैमानिकाला त्यात समोरच्यावर काय डागता येईल तेच कळायचं. पोटभेदांसाठी नवा शब्द घडवण्याची गरज नाही.

‘वाण’ला माझा पाठिंबा आहे, पण एक कसोटी लावून पाहू. मार्क १ मध्ये हजार अश्वशक्तीच्या आसपासचं मर्लिन, वेग ताशी साधारण ५८० किलोमीटर. मार्क १४ मध्ये ग्रिफन, ३६.७ लिटरचं, मर्लिन २७ लिटरचं. नाकावर पाच पात्यांचा पंखा (प्रोपेलर), वेग ताशी ७२० च्या आसपास. ग्रिफनचा पंखा मर्लिनच्या उलट दिशेने फिरायचा. त्यामुळे धावपट्टीवर वेग घेताना विमान नेमकं विरुद्ध बाजूला ओढायचं, आणि सवयीने जुन्याच बाजूचं पेडल दाबणाऱ्या वैमानिकाची धांदल उडायची. इतका फरक असूनही दोघांना स्पिटफायरच म्हणत. ही एकाच बीजाची ओढ ‘वाण’मध्ये येते, ‘प्रकार’मध्ये येत नाही. उलट टोकाला मार्क १६ : तो म्हणजे मार्क ९ च, फक्त इंजिन अमेरिकेत पॅकार्डच्या कारखान्यात बनलेलं. एवढ्यासाठी वेगळा आकडा! तिथे ‘वाण’ थोडा जड होतो, हे कबूल.

‘मार्क’ शब्द मात्र काढू नका. ‘तेजस मार्क १ ए’ मराठी वर्तमानपत्रांत सर्रास छापून येतं, ते वाचून कुणी गुण मोजत नाही. आपल्या हवाई दलाच्या ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ब्रह्मदेशाच्या लढाईत मार्क ८ च उडवला, हेही जमलं तर लिहा.

प्रतिसाद

मूळ नावाबद्दल कुणीच बोललं नाही. इंग्रजीत हा शब्द विमानाच्या कितीतरी आधीचा आहे : चटकन भडकणारी, फटकळ मुलगी. विमान बनवणाऱ्या व्हिकर्स कंपनीचे सर रॉबर्ट मॅक्लीन आपल्या मुलीला लाडाने असं म्हणत, त्यावरून नाव पडलं असं सांगतात. म्हणून ‘अग्निवर्षक’ वगैरे भाषांतर करू नये. अर्थ सांगायचाच तर ‘लवंगी मिरची’. लहान, देखणी आणि झोंबणारी.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. खटकत काय होतं ते आता कळलं. वाक्य असं बदललं आहे आणि असंच छापा म्हणून आग्रह धरणार आहे : ‘स्पिटफायरचे वीसहून अधिक वाण झाले. त्यांतला मार्क ९ हा मार्क ५ च्या खोडावर नव्या इंजिनाचं कलम करून, मार्क ८ च्या आधी, घाईने उभा केलेला.’