वॉरंटीत मोबाईल बदलून मिळताना आलेले अनुभव

मुठाकाठ:
आज सासूबाईंच्या फोनची बॅटरी बदलायला कर्वे रोडला सर्व्हिस सेंटरमध्ये गेले होते. पुढच्या टोकनवर कॉलेजातली एक मुलगी. "पडला नाहीये, पाण्यात गेला नाहीये, बोलता बोलता आपोआप बंद होतो." काउंटरवरचा म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे तर चालू आहे." ते वाक्य ऐकलं आणि २०१९ मधलं माझं सगळं प्रकरण वर आलं.

तेव्हा नवा घेतलेला फोन, कॉल सुरू असताना बंद पडायचा. घरी म्हातारी माणसं आजारी, त्यात हे. सेंटरवाले रात्रभर ठेवून घ्यायचे आणि "दोष आढळला नाही" म्हणून परत द्यायचे. जॉबशीटवर (फोन जमा करताना ते देतात तो कागद) तक्रारीच्या रकान्यात दर वेळी "सॉफ्टवेअर अपडेट" एवढंच. सासरे पोस्टातून निवृत्त झालेले, त्यांनी ते कागद वाचले आणि म्हणाले, यात तुझी तक्रार कुठेच नाही. कागदोपत्री तू फक्त अपडेट करायला जातेस.

पुढच्या खेपेला मी सही करायच्या आधी "बोलताना आपोआप बंद होतो, व्हिडिओ दाखवला" असं लिहून घेतलं. काउंटरवरचा मुलगा तयार नव्हता, मी हलले नाही. एकच तक्रार सलग कागदांवर आल्यावर सगळ्यांचे फोटो कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केले. आधी मदरबोर्ड बदलला, तरी तेच. मग हँडसेट बदलून मिळाला.

शेवटचं महत्त्वाचं. नव्या हँडसेटचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, वेगळा असतो आणि बिलावर जुना. बदलून दिल्याचं पत्र मागून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी तोच फोन तुमचा आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. *#०६# दाबलं की नंबर दिसतो, तिथल्या तिथे पत्राशी ताडून बघा.

त्या मुलीलाही हे सांगून आले. तुमचे अनुभव लिहा.

नळस्टॉप:
"आमच्याकडे तर चालू आहे" +१००. सासऱ्यांना नमस्कार सांगा.

दोघांची आई:
आमचं ओलाव्याचं. आत एक छोटा पांढरा स्टिकर असतो, पाणी लागलं की लाल होतो. तो लाल निघाला, वॉरंटी खलास. नवरा कोंढव्याहून हिंजवडीला दुचाकीवर जातो, जुलैचा पाऊस, फोन रेनकोटच्या आतल्या खिशात. खोक्यावर आयपी ६८, म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षणाचं मानांकन, छापलेलं. तेच दाखवलं तर वॉरंटीच्या अटी पुढे केल्या, द्रवामुळे झालेलं नुकसान त्यात बसत नाही. मग ते छापता कशाला? अजून राग जात नाही माझा. पूर्ण पैसे भरून बोर्ड बदलला. कुकर झाला, बाकीचं नंतर लिहिते

रानजाई:
@दोघांची आई, अगदी अगदी. आमच्याकडे आता सगळे फोन जून ते सप्टेंबर झिपच्या पिशवीत.

तपकीर गल्ली:
मी फोन दुरुस्तीच्याच धंद्यात आहे, तपकीर गल्लीत नोकरीला, म्हणून लिहितो. "आमच्याकडे चालू आहे" हे बऱ्याचदा खरंच असतं. बोर्डवरच्या चिपखालचं सोल्डर बारीक तडकलेलं असलं तर फोन तापल्यावर संपर्क सुटतो, गार झाला की परत जुळतो. तुम्ही पिशवीतून गार फोन काढून देता, तो काउंटरवर छान चालतो. म्हणून सांगा, की चार्जिंगला लावून, व्हिडिओ कॉल सुरू ठेवून तपासा. घरी बंद पडतानाचा व्हिडिओ दुसऱ्या फोनने काढा, त्यात चार्जची टक्केवारी दिसू द्या, म्हणजे बॅटरी उतरली होती असं कोणी म्हणणार नाही.

दुसरं, काउंटरवरच्या पोरावर ओरडू नका. बदलून द्यायची मंजुरी वरून येते, त्याच्या हातात ते नसतं. त्याने नीट लिहिलं तर वरचा माणूस मंजूर करतो. आणि वॉरंटीत असताना आमच्यासारख्यांकडे फोन उघडायला आणू नका, मी स्वतः परत पाठवतो.

मुठाकाठ:
@तपकीर गल्ली, गार-गरमचं हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

बाणेर:
माझी हिरवी रेघ. अपडेटनंतर सकाळी उठलो तर स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत उभी रेघ. वॉरंटी संपलेली. पण या तक्रारी इतक्या आल्या की काही कंपन्यांनी ठरावीक मॉडेलना वॉरंटीनंतरही स्क्रीन फुकट बदलून दिली. माझं मॉडेल त्यात होतं, काच फुटलेली नव्हती, काम झालं. वॉरंटी संपली म्हणून परत फिरू नका, आधी मॉडेल सांगून विचारा.

सदाशिव पेठ:
ग्राहक पंचायत १९७४ साली आपल्या पुण्यातच सुरू झाली, बिंदुमाधव जोशींनी केली. ग्राहक संरक्षण कायदा आला तो त्यानंतर, १९८६ मध्ये. आज पुणेकरानेच तोंड मिटून घरी यावं हे मला बघवत नाही.

आता २०१९ चा कायदा आहे, २० जुलै २०२० पासून लागू. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनी कुठली का असेना. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षं. पण त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलता येतं. माझ्या नातवाच्या फोनचं मी तेच केलं. बिल आणि जॉबशीट जोडल्यावर कंपनीचा माणूस स्वतःहून फोन करायला लागला, आणि नवा हँडसेट आला. आमच्या फ्रिजचीही मोठी कथा आहे, पण तिला वेगळा धागा लागेल.

नळस्टॉप:
काका, फ्रिजचा धागा काढाच.

चिकू:
एक विचारू? माझा फोन मध्येच बंद पडतोय, वॉरंटी आहे, पण मी देतच नाहीये. त्यात बाबांचे व्हॉइस मेसेज आहेत. ते मार्चमध्ये गेले. सेंटरवाले म्हणतात डेटाची जबाबदारी आमची नाही.

दोघांची आई:
अगं बाळा.

तपकीर गल्ली:
चिकूताई, फोन अजिबात देऊ नका आत्ता. साठवण बोर्डवरच असते, बोर्ड बदलला की सगळं जातं. आधी केबलने लॅपटॉपला जोडा. अँड्रॉइड असेल तर व्हॉट्सअ‍ॅपच्या मीडिया फोल्डरमध्ये व्हॉइस नोट्सचं वेगळं फोल्डर असतं, ते आख्खं उचलून कॉपी करा. कॉपी होताना फोन तापू देऊ नका, कव्हर काढा, पंख्याखाली ठेवा. नुसत्या क्लाउड बॅकअपच्या भरवशावर राहू नका, लॅपटॉपवर उघडून ऐकून बघा.

मुठाकाठ:
आणि बाबांचं चॅट मीडियासकट एक्सपोर्ट करून स्वतःला मेलही कर. दोन ठिकाणी असू दे.

बाणेर:
सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं की यूपीआय परत नोंदवावं लागतं, तेही लक्षात ठेव. खिशात थोडे रोख पैसे ठेव.

चिकू:
फोल्डर सापडलं! पण लॅपटॉप भरलाय, जागाच नाही.

रानजाई:
माझ्याकडे रिकामी हार्ड डिस्क पडून आहे. मी एरंडवण्यात राहते. उद्या गरवारे कॉलेज मेट्रो स्टेशनला येशील?

चिकू:
सहानंतर चालेल? ऑफिस रामवाडीला आहे, थेट मेट्रोने येते.

रानजाई:
चालेल. फोन बंद करून ठेव तोवर, आणि केबल आण.