मदत हवी आहे: आईच्या अवयवदानाला भाऊ आडवा आला तर?

रानजाई: आईने अवयवदानाचा फॉर्म भरलाय, कार्डही पर्समध्ये आहे. दादा म्हणतो, "वेळ आली तर मी सही करणार नाही." मग तिच्या इच्छेला कायद्याने काही किंमत आहे की नाही? मृत्युपत्रात लिहिलं तर चालेल का? रविवारी सगळे जमणार आहेत, लवकर सांगा.

पायवाट: आई हयात आहेत ना? वडील? फॉर्मवर साक्षीदार कोण?

रानजाई: आई ठणठणीत आहे! साक्षीदार शेजारच्या काकू आणि तिची मैत्रीण. त्याचं काय?

कोर्टकचेरी: मृत्युपत्र नोंदवून घ्या. एकदम पक्कं काम.

आयसीयू_समुपदेशक: मृत्युपत्र उघडतात दिवसकार्य झाल्यावर. नेत्रदानाला जेमतेम सहा तास असतात. त्याचा इथे उपयोग नाही.
रानजाई, साक्षीदारांचंच महत्त्व आहे. 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या कलम 3 प्रमाणे संमती लेखी हवी, दोन साक्षीदार हवेत आणि त्यातला एक जवळचा नातेवाईक. आईचा फॉर्म 7, म्हणजे अवयवदानाची इच्छा नोंदवायचा फॉर्म, नव्याने भरा आणि साक्षीदार म्हणून तुम्ही सही करा.

कोर्टकचेरी: म्हणजे मग भावाच्या सहीची गरजच नाही. कलम स्पष्ट आहे.

आयसीयू_समुपदेशक: कागदावर नाही. पण घरचे नको म्हणत असताना रुग्णालय पुढे जात नाही, हे मी रोज बघते. मेंदूमृत्यू झालेला असतो, म्हणजे मेंदू कायमचा थांबलेला, तरी व्हेंटिलेटरवर छाती वरखाली होत असते, हात गरम लागतो. तिथे कलम वाचून दाखवता येत नाही हो.

देहदानप्रेमी: त्यापेक्षा देहदान करा. आमच्या सासऱ्यांचं केलं, काही कटकट नाही.

पायवाट: त्यांनी ते विचारलेलंच नाही. आणि नेत्रदान सोडून इतर अवयव काढले तर वैद्यकीय महाविद्यालयं देह सहसा घेत नाहीत.

हिरवाचाफा: जिवंतपणी भावाला किडनी द्यायची तर कोणती समिती?

पायवाट: वेगळा धागा काढा ना. रानजाई, वडिलांचं राहिलं.

रानजाई: बाबा आहेत, त्यांचा पाठिंबाच आहे. दादाला भीती एवढीच की अवयवांसाठी डॉक्टर घाई करतील.

आयसीयू_समुपदेशक: मग रविवारी तेच बोला. मेंदूमृत्यू चार डॉक्टर मिळून ठरवतात: रुग्णालयाचे प्रमुख, उपचार करणारे, एक स्वतंत्र तज्ज्ञ आणि एक मेंदूविकारतज्ज्ञ. तपासण्या दोनदा होतात, मध्ये किमान सहा तास. आणि दुसरा साक्षीदार म्हणून बाबांची सही घ्या, दादासमोरच.