बंद पडलेला टाटा-मर्सिडीज ट्रक पुन्हा चालू करायचा आहे : सोलापुरातील जाणकारांचा सल्ला हवा

अक्कलकोटरोडकर विचारतात :

नमस्कार मंडळी. आमच्या चुलत्यांच्या वाहतूक व्यवसायातला एक बॉनेटचा टाटा-मर्सिडीज ट्रक अक्कलकोट रोडवरील गोदामात बरीच वर्षे उभा आहे. एके काळी सोलापूरच्या गिरण्यांमधल्या कापडाच्या आणि पुढे चादरींच्या गाठी याच गाडीतून मुंबईला जात असत. टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) डाइमलर-बेंझच्या सहकार्याने १९५४ मध्ये ट्रक बांधायला सुरुवात केली आणि तो करार १९६९ मध्ये संपला. आमच्या गाडीच्या जाळीवर तीन टोकांचा तारा अजून शाबूत आहे, त्यामुळे ती त्याच काळातली आहे हे नक्की.

इंजिन सहा सिलिंडरचे, ओएम ३१२ जातीचे आहे. हँडल लावून पाहिले, पण ते जागचे हलत नाही. केबिनचा पत्रा खालच्या कडा सोडल्या तर चांगला आहे. हौद्याच्या फळ्या मात्र आपल्याकडच्या उन्हाने सुकून त्यांच्यात बोट जाईल एवढ्या फटी पडल्या आहेत. जाम झालेले इंजिन नुकसान न करता कसे सोडवावे, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न रंगाचा आहे. एका पेंटरने सगळा रंग पत्र्यापर्यंत खरवडून गाडी नव्यासारखी करून देतो असे सांगितले आहे, परंतु दारावर जुन्या हाताची अक्षरे असल्यामुळे माझे मन तयार होत नाही. जुने आर. सी. बुक हाताशी आहे, तरी पुढे कागदपत्रांचे काय करावे लागेल, तेही कोणी सांगितल्यास उपकार होतील.

डिझेलपंप_मिस्त्री :

सर्वांत आधी एक विनंती करतो. गाडीला दोर बांधून ट्रॅक्टरने ओढायचे आणि गिअर टाकून इंजिन फिरवायचे, असा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. तो मुळीच ऐकू नका. पिस्टनच्या रिंगा लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) धरलेल्या असतील तर रिंगा तुटतील, आणि व्हॉल्व्ह वर अडकलेला असेल तर पुशरॉड वाकतील.

आधी टॅपेट कव्हर काढून सगळे व्हॉल्व्ह एकेक करून दाबून पाहा आणि ते परत वर येतात का ते तपासा. मग सहाही नोझल (डिझेलचा फवारा मारणारे भाग) काढा. येथे या इंजिनाची एक अडचण लक्षात घ्यावी लागते. हे प्री-चेंबरचे इंजिन असल्यामुळे नोझलच्या भोकातून ओतलेले तेल थेट पिस्टनवर पडत नाही, ते आधी लहान कोठीत जाते आणि तिच्या बारीक छिद्रांतून सावकाश खाली उतरते. म्हणून रॉकेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण थोडे थोडे घालत राहावे आणि कित्येक दिवस धीर धरावा. त्यानंतर फ्लायव्हीलच्या दात्यांत पहार अडकवून हलक्या हाताने दोन्ही दिशांना जोर द्यावा. सुताएवढे हलले तरी पुरे, तेथून पुढे ते सुटत जाते. अजिबात हलत नसेल तर जोर वाढवण्याऐवजी हेड उतरवा, कारण लायनरमध्ये पाणी साचून गंज धरला आहे की काय, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. सिलिंडरमध्ये तेल असताना नोझल बसवून स्टार्टर मारू नका. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो.

आता माझ्या रोजच्या कामातली, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगतो. इतकी वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचा डिझेल पंप बाहेरून कितीही स्वच्छ दिसला तरी त्यातले जुने डिझेल डिंकासारखे चिकट झालेले असते आणि रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पंपातली दांडी) एका जागी धरून बसते. ते पूर्ण डिझेलच्या बाजूला अडकलेले असेल तर इंजिन चालू होताच वेग वाढत जातो आणि चावी किंवा खटका ओढून ते बंद होत नाही. पंपाची बाजूची झाकणी उघडून रॅक बोटाने पुढे-मागे सरकते का, ते आधी पाहावे. माझे मत विचाराल तर पंप उतरवून टेस्ट बेंचवर घालणेच योग्य. पहिल्यांदा इंजिन चालू करताना एअर क्लीनर काढून ठेवावा आणि हवेच्या तोंडावर घट्ट दाबता येईल अशी जाड फळी घेऊन एका माणसाला तेथे उभे करावे. हात किंवा कापड मात्र कधीही लावू नये. हवा तोडली की डिझेल इंजिन बंद पडतेच.

पंपावरच्या पट्टीचा फोटो मला पाठवा. माझ्याकडे जुन्या मायको (बॉशची भारतातली कंपनी) पंपांचे काही भाग जपून ठेवलेले आहेत, त्यांतले जुळतील ते घेऊन जा. पैशांचा विषय काढू नका.

फाळका :

मिस्त्रींनी इंजिनाचे सगळे सांगितले आहे, म्हणून मी बॉडीवरच लिहितो. दारावरची अक्षरे खरवडू देऊ नका. हे मी आग्रहाने सांगतो, कारण इंजिनाचा भाग लेथवर पुन्हा बनवता येतो, पण ज्या पेंटरने ती अक्षरे काढली त्याचा हात परत आणता येत नाही. दाराच्या एका कोपऱ्यात हजार नंबरचा पाणपेपर (पाण्यात वापरायचा पॉलिश पेपर) भरपूर पाण्याबरोबर, बोटाच्या टोकाने, अगदी रुपयाएवढ्या जागेत फिरवून पाहा. आमच्याकडच्या एका जुन्या गाडीवर निळ्या रंगाखाली पिवळा, पिवळ्याखाली तांबडा, आणि त्या तांबड्यावर 'सोलापूर–पुणे–मुंबई' ही अक्षरे काळ्या सावलीसह निघाली. 'सो'च्या मात्रेला पेंटरने घेतलेला झोकसुद्धा स्पष्ट दिसत होता. रंग काढायला कॉस्टिक सोडा लावला असता तर ती एका दुपारी वाहून गेली असती. जेथे गंजाने पत्रा खाल्ला आहे तेवढाच कापून नवा जोडावा, बाकी रंग जसा आहे तसा स्वच्छ करून राखावा.

हौद्याच्या फळ्याही सरसकट बदलू नका. फाळक्याच्या (हौद्याच्या उघडणाऱ्या कडेच्या) लोखंडी पट्ट्या, बिजागरी आणि साखळ्या काढताना प्रत्येकीला खूण करून ठेवा, कारण त्या हाताने घडवलेल्या असतात आणि उजवीकडची डावीकडे बसत नाही.

किंगपिनचे (पुढचे चाक ज्या खिळीवर वळते तिचे) बुश आणि स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश यांची चिंता नको. यंत्रमागाचे सुटे भाग करणारे आपले लेथवाले नमुना दाखवला की गनमेटलचे बुश नेमके करून देतात, ही सोय फार थोड्या गावांत आहे. म्हणून कितीही झिजलेला भाग असला तरी तो भंगारात टाकू नका, नमुना म्हणून त्याचे मोल मोठे असते.

फार्गोवाला :

माझ्याकडे पर्किन्स पी ६ इंजिनाचा फार्गो ट्रक आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना करणारे वालचंद हिराचंद १८८२ मध्ये सोलापुरातच जन्मले, त्यामुळे त्यांच्या कारखान्यातली निदान एक गाडी या शहरात चालती असावी या इच्छेने मी ती सांभाळली आहे. तुमच्या गाडीबद्दल ऐकून खरोखर आनंद झाला.

चाकांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून सांगतो. त्या काळच्या डिस्कवर लॉक रिंग (टायर जागी धरून ठेवणारे लोखंडी कडे) असते. टायर काढण्यापूर्वी व्हॉल्व्ह पिन काढून हवा पूर्ण सोडा, आणि भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच भरा. गंजलेली रिंग सुटून उडाली तर माणूस जागीच जातो. जुने ब्रेक लायनर आणि क्लच प्लेट यांत ॲस्बेस्टॉस असते, त्यामुळे ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

कागदपत्रांबाबत सांगायचे तर, केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये आणलेली व्हिंटेज नोंदणीची तरतूद पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या आणि खासगी वापराच्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि रस्त्यावर नेण्याची मुभा प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल अशा मोजक्या कारणांपुरतीच. मालवाहू ट्रक त्यात बसेल असे गृहीत धरून खर्च करू नका. आर. सी. बुकाची प्रत जोडून सोलापूर आर. टी. ओ. कार्यालयाला आधी लेखी विचारणा करा. आणि चेसिस साफ करताना ठोकलेल्या क्रमांकावर ग्राइंडर किंवा सँडब्लास्टिंग चालवू देऊ नका. तो क्रमांक पुसट झाला तर पुढची सगळी वाट बंद होते.

आम्ही काही जण रविवारी सकाळी एकमेकांच्या गाड्यांवर काम करतो. हेड उतरवायचे ठरले तर कळवा. माझ्याकडे चेनपुली आहे, लायनर ओढायचा पुलर आहे, आणि फाळका दादांना तर बोलावण्याचीही गरज पडत नाही.

अक्कलकोटरोडकर :

सर्वांचे मनापासून आभार. पेंटरला नको म्हणून कळवले आहे. टॅपेट कव्हर काढून पाहिले, पुढून तिसऱ्या सिलिंडरचा एक व्हॉल्व्ह दाबल्यावर खालीच राहतो, बाकीचे परत येतात. पंपाच्या पट्टीचा फोटो मिस्त्रींना पाठवत आहे. येत्या रविवारी हेड उतरवायचे आहे. फार्गोवाले काका, चेनपुली नक्की आणा. शेडची तुळई जुन्या सागवानाची असली तरी हेडचे वजन तिच्यावर टाकण्यापूर्वी आपण एकदा नजर टाकलीत तर बरे होईल, नाही तर मी लोखंडी घोडीची व्यवस्था करून ठेवतो.