मदत हवी आहे : गोठलेल्या जमिनीवरील पायाभरणी आणि थर्मोसायफन

नमस्कार. कायम गोठलेल्या जमिनीवर, म्हणजे पर्माफ्रॉस्टवर, बांधकामाचा पाया स्थिर कसा ठेवतात याचा मी अभ्यास करत आहे आणि एका मुद्द्यावर अडलो आहे.

१९७७ साली सुरू झालेली अलास्कातील तेलवाहिनी सुमारे १,२८७ किलोमीटर लांब आहे. तिच्यातील गरम तेलामुळे जमीन वितळून खचू नये म्हणून निम्म्याहून अधिक भाग खांबांवर उचलून नेला आहे आणि अनेक खांबांमध्ये अमोनिया भरलेल्या बंद नळ्या, म्हणजेच थर्मोसायफन, बसवल्या आहेत. हिवाळ्यात वरची हवा जमिनीपेक्षा थंड असते, तेव्हा तळाचा द्रव अमोनिया जमिनीतील उष्णता घेऊन वाफ होतो, वर जाऊन थंड होतो आणि पुन्हा खाली उतरतो. पंप नाही, वीज नाही. ही रचना मला विलक्षण सुंदर वाटते. उन्हाळ्यात हवा जमिनीपेक्षा उबदार झाली की हे चक्र आपोआप थांबते.

माझी अडचण इथेच आहे. हिवाळ्यात साठवलेला थंडावा पूर्ण उन्हाळाभर पुरेल, हे रचनाकार कोणत्या गणिताने ठरवतात? मातीतील बर्फाचे प्रमाण आणि वितळण्याची सुप्त उष्णता त्यात कशी धरतात? शिवाय, हिवाळे सौम्य होत असताना पुढील तीस-चाळीस वर्षांचे तापमान कसे गृहीत धरावे?

भूतंत्र अभियांत्रिकीत किंवा शीत प्रदेशांत प्रत्यक्ष काम केलेल्या सदस्यांनी गणनेची पद्धत टप्प्याटप्प्याने समजावून सांगितल्यास मी मनापासून ऋणी राहीन.